बाणापासून चंद्रयानापर्यंत : अंतराळाचा इतिहास मुलांना कसा सांगावा?



१९६३ सालच्या ऑक्टोबर महिन्यात आपलं हे सांगली केंद्र सुरू झालं. त्यानंतर दीड महिन्यानं, २१ नोव्हेंबर १९६३ रोजी, केरळातल्या थुंबा नावाच्या कोळ्यांच्या गावातून भारताच्या भूमीवरचा पहिला संशोधन-अग्निबाण आकाशात गेला. सांगली केंद्र कधी सुरू झालं हे आपल्या भागातल्या जुन्या माणसांना विचारलंत तर पुष्कळांना सांगता येईल. थुंब्याचं वर्ष मात्र शिकल्यासवरलेल्यांनाही चटकन आठवत नाही.

आमच्या महाविद्यालयात पहिल्या वर्षाला खेड्यापाड्यांतून मुलं येतात. त्यांना विचारावं, चंद्रावर पहिलं पाऊल कोणी ठेवलं? उत्तर एका सुरात येतं. मग विचारावं, तो तिथे पोचला कसा? त्याच्या आधी काय काय घडलं? हे सारं कोणी, कशासाठी, कोणाच्या पैशानं केलं? आणि हे खरंच घडलं हे आपल्याला कशावरून ठाऊक? इथे वर्ग चिडीचूप होतो. यात मुलांचा दोष नाही. आपण त्यांना नावं आणि तारखा दिल्या, इतिहास दिला नाही. आज त्या इतिहासाविषयी, आणि तो आपल्या शाळेत कसा सांगता येईल याविषयी, चार गोष्टी बोलायच्या आहेत.

सुरुवात अमेरिकेपासून किंवा रशियापासून करू नये, दिवाळीपासून करावी. दिवाळीत मुलं जो दारूचा अग्निबाण उडवतात त्याला आपल्याकडे काय म्हणतात? 'बाण'. धनुष्य नाही, प्रत्यंचा नाही, तरी बाण! हा शब्द आला कुठून? तो लढाईच्या मैदानातून आला. मराठेशाहीच्या लष्करी वर्णनांत जेजाला, सुतरनाळा यांच्या जोडीला बाणांचे उल्लेख येतात. हे बाण म्हणजे दारू ठासलेली नळी आणि तिला बांधलेली लांब काठी. दारू पेटली की वायू मागे सुटतो आणि नळी पुढे जाते. चंद्राकडे जाणारं यानही याच तत्त्वावर उडतं. तत्त्व तेच, फरक हिशेबाचा आणि कारागिरीचा.

या बाणाचा इतिहास आपल्या अंगणातून गेलेला आहे. मिरज आणि तासगावचे पटवर्धन सरदार हैदर आणि टिपू यांच्याशी वर्षानुवर्षे लढले. म्हैसूरकरांनी बाणाची नळी लोखंडाची केली. लोखंडी नळीत दारू अधिक घट्ट ठासता येते, वायूचा जोर अधिक साठतो आणि बाण किलोमीटरभर किंवा त्याहूनही दूर जातो. १७८० साली पोळिलूरच्या लढाईत इंग्रजांना या बाणांचा चांगलाच प्रसाद मिळाला. पुढे १७९१ साली हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा श्रीरंगपट्टणाच्या परिसरात लॉर्ड कॉर्नवॉलिसला जाऊन मिळाल्या. म्हणजे तासगावच्या भाऊंच्या फौजेतल्या आपल्या गावच्या माणसांना ते लोखंडी बाण नवे नव्हते.

१७९९ साली श्रीरंगपट्टण पडलं. इंग्रजांच्या हाती जे बाण लागले त्यांतले काही इंग्लंडात वुलिच इथल्या शस्त्रागारात गेले. तिथे विल्यम काँग्रीव्ह यानं त्यांचा अभ्यास केला, मोजमापं घेतली, प्रयोग केले आणि सुधारलेले बाण तयार केले. १८०७ साली कोपनहेगन शहरावर ते पडले. इथे मुलांना एक प्रश्न जरूर विचारावा. बाण आपल्याकडे होता, मग पुढचं पाऊल तिकडे का पडलं? उत्तर घाईनं देऊ नये. मोजमाप, नोंद, पुन्हा प्रयोग, आणि या कामाला पैसा पुरवणारी संस्था, या गोष्टी तिकडे होत्या. आपल्याकडे हात कुशल होते, पण हाताचं ज्ञान वहीत उतरत नव्हतं. इतिहासाचा हा एक धडा मुलांच्या मनात उतरला तरी पुष्कळ झालं.

आता दुसरा मुक्काम. हा मुक्काम तर आपल्या शिक्षकांचाच आहे. रशियात कालुगा नावाचं एक लहान शहर. तिथे कॉन्स्टँटिन त्सिओल्कोव्हस्की नावाचे एक गणिताचे मास्तर होते. लहानपणी लोहितज्वर झाला आणि त्यात त्यांना जवळजवळ बहिरेपण आलं. शाळेत नीट शिकता आलं नाही. ग्रंथालयात बसून स्वतःच शिकले आणि मास्तर झाले. दिवसा शाळा, रात्री गणितं. १९०३ साली त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. बाणाचं वजन किती, त्यातलं इंधन किती, वायू किती वेगानं बाहेर पडतो, यावरून बाणाला किती वेग येईल हे त्यांनी सूत्रात मांडलं. आजही प्रत्येक अग्निबाणाचा हिशेब त्याच सूत्रानं सुरू होतो. या मास्तरांनी स्वतः एकही मोठा अग्निबाण उडवला नाही. उडवायला पैसाच नव्हता.

तिसरा मुक्काम शेतात आहे. १६ मार्च १९२६ रोजी अमेरिकेत ऑबर्न गावी, आत्याच्या शेतात, रॉबर्ट गॉडर्ड या प्राध्यापकानं द्रवरूप इंधनाचा जगातला पहिला अग्निबाण उडवला. किती उंच गेला असेल? अवघा ४१ फूट! हवेत राहिला अडीच सेकंद आणि पडला कोबीच्या वाफ्यात. आपल्या गावचा नारळ याहून उंच असतो. याआधी, १९२० साली, 'न्यूयॉर्क टाइम्स' या मोठ्या वर्तमानपत्रानं गॉडर्ड यांची टर उडवली होती. हवा नसलेल्या पोकळीत अग्निबाण चालेलच कसा, या प्राध्यापकाला शाळेतलं विज्ञानही येत नाही, असा त्याचा सूर. १९६९ च्या जुलैत माणूस चंद्राच्या वाटेवर असताना त्याच पत्रानं आपली चूक छापून मान्य केली. गॉडर्ड तेव्हा हयात नव्हते. ही गोष्ट वर्गात सांगून पाहा. ज्याला सगळे हसतात असं एखादं पोर मागच्या बाकावर असतंच. ते कान टवकारून ऐकेल.

यापुढचा भाग काळा आहे, आणि तो गाळू नये. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीनं व्ही-२ नावाचा अग्निबाण बनवला. तो लंडन, अँटवर्प अशा शहरांवर पडला आणि हजारो माणसं मेली. तो बनवण्यासाठी छळछावण्यांतले कैदी भूमिगत कारखान्यात राबवले गेले. तेही हजारोंनी मेले. हे काम ज्यांच्या देखरेखीखाली झालं त्यांतले व्हेर्नर फॉन ब्राउन पुढे अमेरिकेत गेले आणि चांद्रमोहिमेच्या मोठ्या अग्निबाणाचे शिल्पकार ठरले. रशियाच्या बाजूला सर्गेई कोरोल्योव्ह होते. स्टालिनच्या काळात त्यांनी तुरुंग आणि सक्तमजुरी भोगली होती. ज्यांच्या अग्निबाणानं पहिला उपग्रह नेला त्यांचं नाव ते मरेपर्यंत, म्हणजे १९६६ सालापर्यंत, जगाला ठाऊक नव्हतं. वरच्या इयत्तांतल्या मुलांना हे अवश्य सांगावं. माणसाची बुद्धी आणि माणसाची क्रूरता एकाच कारखान्यात कशी नांदते हे त्यांना कळलं पाहिजे. थोर माणसाची फक्त आरती केली तर तो इतिहास राहत नाही, पोथी होते.

४ ऑक्टोबर १९५७. रशियानं पहिला उपग्रह सोडला. नाव स्पुटनिक. अठ्ठावन्न सेंटिमीटर व्यासाचा गोळा, वजन सुमारे ८४ किलो, म्हणजे एका भरल्या पोत्याएवढं. दर शहाण्णव मिनिटांनी पृथ्वीला एक फेरी. त्याचा 'बीप-बीप' आवाज जगभरच्या हौशी लोकांनी रेडिओवर ऐकला. तीन आठवड्यांनी त्याची बॅटरी संपली आणि जानेवारी १९५८ मध्ये तो वातावरणात शिरून जळून गेला. एवढंसं त्याचं आयुष्य, पण त्यानं दोन बलाढ्य राष्ट्रांत शर्यत लावून दिली. १२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन पृथ्वीला फेरी घालून १०८ मिनिटांत परत आले. ते उतरले ते एका शेताजवळ. बटाटे लावत असलेली एक बाई आणि तिची लहानगी नात नारिंगी पोशाखातला हा माणूस पाहून घाबरल्या. अंतराळातून परतलेल्या पहिल्या माणसाला प्रथम भेटल्या त्या शेतावरच्या आजी आणि नात! त्याच वर्षाच्या अखेरीस गागारिन भारतात आले आणि मुंबईलाही त्यांचं स्वागत झालं.

मग २० जुलै १९६९. आपल्याकडे ती २१ जुलैची सकाळ होती. नील आर्मस्ट्राँग यांनी चंद्रावर पाऊल ठेवलं तेव्हा आपल्या घड्याळात साडेआठला चार-पाच मिनिटं कमी होती. साताऱ्यात, सांगलीत तेव्हा दूरचित्रवाणी नव्हती. मुंबईलाच ती १९७२ साली आली. आपल्या माणसांना ही बातमी मिळाली ती रेडिओवर आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात.

इथे शिक्षकांना एक काम सुचवतो. यासाठी पुस्तक लागत नाही, पैसा लागत नाही. मुलांना घरी पाठवा आणि आजी-आजोबांना तीन प्रश्न विचारायला सांगा. एक, माणूस चंद्रावर गेला हे तुम्हाला कधी, कसं कळलं? तुम्हाला ते खरं वाटलं का? दुसरा, १९७९ साली 'स्कायलॅब' पडणार म्हणून काय झालं होतं? तिसरा, १९८४ च्या एप्रिलमध्ये राकेश शर्मा अंतराळात गेले तेव्हा तुम्ही कुठे होता? मुलांनी उत्तरं जशीच्या तशी, आजीच्याच शब्दांत, वहीत उतरून आणावीत. खाली नाव, वय आणि तारीख घालावी.

यातला स्कायलॅबचा प्रश्न फार मोलाचा आहे. स्कायलॅब ही अमेरिकेची सत्त्याहत्तर टन वजनाची अंतराळ-प्रयोगशाळा. तिची कक्षा हळूहळू खाली येत गेली आणि ती कुठे कोसळेल हे नेमकं कोणालाच सांगता येईना. देशभर गावोगाव भीती पसरली. जगबुडी आली, आता कशाला पेरायचं, कशाला जपायचं, अशी बोलणी झाली. ११ जुलै १९७९ रोजी तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडले. कोणाला इजा झाली नाही. तिथल्या एस्परन्स नावाच्या गावच्या कारभाऱ्यांनी रस्त्यात कचरा टाकल्याबद्दल अमेरिकेच्या अंतराळसंस्थेला चारशे डॉलर दंड ठोकला! तोच तुकडा, पण एका गावाला ती जगबुडी वाटली आणि दुसऱ्या गावानं दंडाची पावती फाडली. फरक कशाचा? माहिती किती आणि केव्हा पोचली याचा. हा फरक मुलांच्या लक्षात आणून द्यावा, कारण अफवा आजही आहेत. त्या आता खिशातल्या फोनवरून येतात, एवढंच.

त्यातून मुद्दा निघतो पुराव्याचा. 'गुरुजी, माणूस चंद्रावर गेलाच नाही म्हणतात, ते खरं का?' असं एखादा मुलगा विचारतोच. त्याला दटावू नये. त्यानं इतिहासाचा सर्वांत चांगला प्रश्न विचारलेला असतो. त्याला पुरावे मोजून दाखवावेत. चंद्रावरून सहा मोहिमांत मिळून ३८२ किलो दगडमाती आली आणि ती अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी तपासली. चंद्रावर ठेवून आलेल्या आरशांवर आजही पृथ्वीवरून प्रकाशकिरण सोडून अंतर मोजतात. त्यावरूनच कळलं की चंद्र दरवर्षी जवळपास चार सेंटिमीटरनं दूर जात आहे. आणि आपल्याच चंद्रयान-२ च्या कॅमेऱ्यानं अपोलो-११ उतरलं ती जागा टिपली आहे. शिवाय रशिया हा त्या वेळचा कट्टर प्रतिस्पर्धी. खोटं सापडलं असतं तर त्यानं गप्प बसला असता का? प्रतिस्पर्ध्याची कबुली हा पुरावा किती वजनदार असतो ते मुलांना कबड्डीच्या उदाहरणानं सहज पटतं.

हीच कसोटी आपल्या अभिमानाच्या गोष्टींनाही लावली पाहिजे. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवलं ही कथा आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. तळपदे होऊन गेले, ते विद्वान होते, त्यांना या विषयाचं वेड होतं, हे खरं. पण ते उड्डाण झालं याला त्या काळचा भक्कम पुरावा पुढे आलेला नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा दाखला देतात, त्याची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ साली केली. तो ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यातली विमानं उडण्याजोगी नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष. असं सांगितल्यानं देशाभिमान कमी होतो असं मला वाटत नाही. लोकमान्य टिळकांच्या काळात याच सांगलीत ज्योतिष संमेलन भरलं आणि पंचांगशुद्धीचा खल झाला, तो कशासाठी? पंचांगातलं गणित आकाशात दिसणाऱ्या ग्रहताऱ्यांशी जुळलं पाहिजे यासाठी. ग्रंथापेक्षा आकाश खरं, ही शिकवण आपल्याच गावची आहे.

आता पुन्हा थुंब्याकडे येऊ. पृथ्वीची चुंबकीय विषुववृत्ताची रेषा त्या गावावरून जाते, म्हणून वातावरणाच्या वरच्या थरांच्या अभ्यासाला ती जागा उत्तम. विक्रम साराभाई यांनी ती निवडली. जागा शोधण्यासाठी केरळचा किनारा पालथा घालणाऱ्यांत एकनाथ चिटणीस होते. ते मूळचे आपल्या शेजारच्या कोल्हापूरचे, जन्म १९२५ चा. शंभरी गाठून २०२५ साली ते गेले. जागेवर कोळ्यांची घरं होती आणि सेंट मेरी मॅग्डलीन यांचं चर्च होतं. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी गावकऱ्यांशी बोलून ती जागा दिली. चर्चमध्ये कचेरी आणि प्रयोगशाळा झाली. अग्निबाणाचे भाग सायकलवरून नेल्याची छायाचित्रं प्रसिद्ध आहेत. पहिला अग्निबाण अमेरिकेचा होता आणि त्यातली सोडियमच्या वाफेची सामग्री फ्रान्सची. संध्याकाळच्या आकाशात त्या वाफेचा नारिंगी ढग केरळातल्या लोकांनी पाहिला. सतरा वर्षांनी, १८ जुलै १९८० रोजी, एसएलव्ही-३ या भारतात बनलेल्या अग्निबाणानं ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत नेला. त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट १९७९ मध्ये, पहिला प्रयत्न बंगालच्या उपसागरात बुडाला होता, हेही सांगावं. चंद्रयान-२ चा लँडर २०१९ साली चंद्रावर आदळला आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ अलगद उतरलं, हे मुलांना ठाऊकच असतं. दोन्ही जोड्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहाव्यात. अर्थ मुलं आपणच काढतात.

या कामात मराठी माणसं होती तशी मराठी मुलखातली यंत्रंही होती. पुण्याचे प्रमोद काळे थुंब्याच्या सुरुवातीच्या तुकडीत होते आणि पुढे तिथल्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक झाले. फलटणच्या बाजूनं नीरा ओलांडली की इंदापूर तालुक्यात वालचंदनगर लागतं. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला ज्यांचं नाव आहे त्याच वालचंद हिराचंदांनी वसवलेलं ते गाव. साखर कारखान्यांची यंत्रं घडवणाऱ्या तिथल्या कारागिरांनी आपल्या अग्निबाणांच्या इंधनाची पोलादी आवरणं घडवली. उसाच्या पट्ट्यातल्या पोराला हे सांगितलं की त्याला अंतराळ एकदम जवळ येतं. मळीचा वास येणाऱ्या गावातून चंद्राची वाट गेलेली आहे!

आणि वसंतराव गोवारीकर. पुण्यात जन्मलेले हे रसायनतज्ज्ञ अग्निबाणाच्या घन इंधनाचे जाणकार. एसएलव्ही-३ यशस्वी झालं तेव्हा थुंब्याच्या केंद्राचे संचालक तेच होते. पुढे दिल्लीत विज्ञान खात्याचे सचिव झाले आणि तिथे त्यांनी हाती काय घेतलं? मान्सूनचा अंदाज! हवा, समुद्र, बर्फ, वारे यांच्या सोळा घटकांवर आधारलेली पद्धत त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाली आणि १९८८ पासून हवामान खातं ती वापरू लागलं. बरीच वर्षं ती चालली. २००२ च्या दुष्काळात अंदाज चुकला आणि तिच्यात बदल करावे लागले. निवृत्तीनंतर गोवारीकरांनी सहकाऱ्यांबरोबर खतांचा मोठा कोश सिद्ध केला. अग्निबाण, पाऊस, खत. एका माणसाच्या आयुष्यातल्या या तीन पायऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला वेगळ्या समजावून सांगाव्या लागत नाहीत.

'आपल्या गरीब देशाला हे परवडतं का?' हा प्रश्न शेतकरी श्रोत्यांच्या मनात असणार. तो खुल्या दिलानं वर्गातही येऊ द्यावा. साराभाईंचं म्हणणं होतं की आपल्याला कोणाशी शर्यत लावायची नाही, आपल्या माणसांच्या अडचणी सोडवायला हे तंत्र हवं. त्यातूनच १९७५-७६ साली सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत अमेरिकेच्या उपग्रहामार्फत शेती, आरोग्य आणि शिक्षणाचे कार्यक्रम दाखवण्याचा प्रयोग झाला. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. पुढे १९८३ साली इन्सॅट-१ बी वर गेला आणि लहान शहरांपर्यंत दूरचित्रवाणी आली, वादळांची चित्रं मिळू लागली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा पाणी कुठवर पसरलं आहे हे उपग्रहाच्या चित्रांतूनही पाहता येत होतं. म्हणजे उपयोग आहे. पण चित्र हाती असूनही माणसं वेळेवर हलवली जातात का, अंदाज बांधापर्यंत पोचतो का, हा दुसरा प्रश्न उरतोच. मुलांचे दोन गट करावेत आणि वाद घालू द्यावा. निकाल गुरुजींनी देऊ नये.

आता प्रत्यक्ष शिकवण्याचं साधन. एक सुतळी घ्यावी. दहा वर्षांना एक वीत असं प्रमाण धरावं. एका टोकाला १७८० ची गाठ, दुसऱ्या टोकाला चंद्रयान-३ ची, म्हणजे २०२३ ची. सुतळी चोवीस वितींहून थोडी अधिक होईल. आता गाठी माराव्यात. वुलिच, मग कालुग्याचे मास्तर, मग कोबीचं शेत, स्पुटनिक, गागारिन, थुंबा, चंद्र, रोहिणी. मुलांच्या लक्षात येतं की कालुग्याच्या मास्तरांपर्यंतच अर्धी सुतळी संपली! कोबीच्या शेतापासून स्पुटनिकपर्यंत तीन विती. आणि स्पुटनिक ते चंद्र अवघी एक वीत आणि वर दोन बोटं. इतक्या थोडक्या काळात इतकं का घडलं, हे मग मुलंच विचारतात. शर्यत, भीती, पैसा ही कारणं तेव्हा सांगावीत.

दुसरं साधन चेंडूचं. फुटबॉल म्हणजे पृथ्वी मानली तर चंद्र मोठ्या लिंबाएवढा. तो किती दूर धरावा? मुलं हातभर म्हणतात. खरं अंतर साडेसहा मीटर, म्हणजे वर्गाच्या या भिंतीपासून जवळजवळ त्या भिंतीपर्यंत. इन्सॅटसारखे उपग्रह फुटबॉलपासून दोन फुटांवर. आणि २०२५ साली शुभांशु शुक्ला ज्या अंतराळ स्थानकावर राहून आले ते? चेंडूपासून एका बोटाच्या जाडीपेक्षाही जवळ! म्हणजे चंद्रापर्यंत जाऊन आलेली माणसं सोडली तर बाकीचे सगळे अंतराळवीर चेंडूला जवळजवळ चिकटूनच फिरले. ही गोष्ट डोळ्यांनी पाहिली की मुलं विसरत नाहीत.

तिसरं साधन फुकट आहे आणि शहरातल्या शाळांना ते दुर्मीळ झालं आहे. ते म्हणजे आपलं अंधारं आकाश. माणदेशात, जावळीच्या खोऱ्यात, जतच्या माळावर ते अजून आहे. आपल्या शेतकऱ्याला मृग आणि आर्द्रा ठाऊक असतात, धनगराला रात्र किती सरली ते तिकांड्यावरून सांगता येतं. सूर्यास्तानंतर तासा-दीड तासात मुलांना माळावर न्यावं. ताऱ्यांमधून एक ठिपका न लुकलुकता सरळ रेषेत सरकताना दिसला की तो उपग्रह. आजोबांनी तिकांडं दाखवावं, गुरुजींनी उपग्रह दाखवावा. दोघांचं आकाश एकच आहे.

शेवटी एवढंच. आपल्या शाळेत प्रयोगशाळा नसेल, दुर्बीण नसेल. कालुग्याच्या मास्तरांकडेही मोठी साधनं नव्हती. आजी-आजोबांनी सांगितलेल्या आठवणींच्या वह्या मात्र जपून ठेवाव्यात. १९६९ ची ती सकाळ रेडिओवर ऐकलेली माणसं आता थोडी उरली आहेत, आणि आपल्या जिल्ह्यांचा हा इतिहास दुसऱ्या कोणी लिहून ठेवलेला नाही. यंदाच्या दिवाळीची सुट्टी लागण्यापूर्वी ते तीन प्रश्न फळ्यावर लिहून द्या. मुलं बाण उडवायला जातील तेव्हा त्या शब्दाचीही त्यांना आठवण होईल.